कमरेवरचं दीड किलो

सॅम्युअल कोल्टने १८४७ साली अमेरिकी घोडेस्वारांसाठी बनवलेलं ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर गोळ्या न भरताच दोन किलोंच्या घरात जायचं. नऊ इंचांची नळी आणि एवढं वजन माणसाच्या कमरेला झेपणारं नव्हतं. म्हणून ते खोगिराच्या पुढच्या अंगाला अडकवलेल्या चामडी होल्स्टरमध्ये, बहुधा जोडीने, ठेवलं जायचं. ओझं घोडा वाहायचा. पुढे १८५१ चं ‘नेव्ही’ मॉडेल साधारण बाराशे ग्रॅमवर उतरलं आणि लढाईत वापरायचं रिव्हॉल्व्हर पट्ट्यावर चढलं. त्यानंतर पोलाद बदललं, काडतुसं बदलली, २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम लांब नळीत पुन्हा दोन किलोंवर गेलं. घोडा मात्र आता सोबत नाही. मोठं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यासमोर आज तोच जुना प्रश्न उभा राहतो: हे वजन अंगावर नेमकं कुठे आणि कशात ठेवायचं?

शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही. तो पडतो अलास्कात. दक्षिण-पूर्व अलास्कातल्या अ‍ॅडमिरल्टी बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,६०० चौरस मैल आहे आणि तिथली तपकिरी अस्वलंही अंदाजे तितकीच आहेत. त्या बेटावर, त्याच्या शेजारच्या बॅरनॉफ आणि चिचागॉफ बेटांवर मासे मोजणारी, दगड तपासणारी, जंगल पाहणारी माणसं कामाला जातात. त्यांतले काही जण कमरेला मोठं रिव्हॉल्व्हर लावतात. ही शिकारीची हौस नाही, कामाच्या सामानातली एक वस्तू आहे.

पुढच्या संवादातली दोन्ही पात्रं मी रचली आहेत. आत्या मूळची कोल्हापूरची, जुनोत स्थायिक झालेली भूगर्भशास्त्रज्ञ. भाचा मत्स्यशास्त्रज्ञ, सॅमन मोजण्याच्या पहिल्या हंगामासाठी बेटावर निघालेला. त्याने रुगरचं रेडहॉक घेतलं आहे: .४४ मॅग्नम, स्टेनलेस, साडेपाच इंची नळी. रिकामं चौदाशे ग्रॅमच्या आसपास आणि सहा काडतुसं भरल्यावर दीड किलोच्या थोडं वर. त्यांच्यातला वाद मात्र मी रचलेला नाही, तो त्या प्रदेशात सतत चालू असतो.

भाचा : आत्या, तीन होल्स्टरं बघून ठेवलीत. एक नायलॉनचं, छातीवर बांधायचं. दुसरं कायडेक्सचं, कमरेला. तिसरं तुझ्यासारखं, जाड चामड्याचं, पट्ट्यावरचं. तू तिसरंच घे म्हणणार.

आत्या : मी आधी विचारणार, अस्वलावर मारायचा स्प्रे कुठे लावतोयस?

भाचा : मी होल्स्टरचं विचारतोय गं.

आत्या : मी पण होल्स्टरचंच बोलतेय. कमरेवर आणि छातीवर मिळून हाताला पटकन सापडणाऱ्या जागा किती? दोन, फार तर तीन. त्यातली सगळ्यात चांगली जागा स्प्रेची. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अलास्कातल्या स्प्रेच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलावर वापरला तेव्हा ९२ टक्के वेळा अस्वल थांबलं किंवा वळलं. ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यांतल्या ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. त्याच मंडळींनी २०१२ मध्ये बंदुकांच्या २६९ घटना पाहिल्या. बंदूक झाडली की नाही झाडली, याने माणसाला होणाऱ्या इजेत फरक पडलेला दिसला नाही.

भाचा : तो अभ्यास मीही वाचलाय, आणि माझा मुद्दा त्यातलाच आहे. बंदूक जवळ असून कामाला आली नाही, त्याचं सगळ्यात मोठं कारण काय निघालं? वेळच मिळाला नाही. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे धावतं, म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. आल्डरच्या झुडपातून ते वीस मीटरवर बाहेर आलं तर माझ्या हातात दीड सेकंद. म्हणून मला असं होल्स्टर हवं की हात गेला आणि रिव्हॉल्व्हर निघालं. तुझ्या होल्स्टरला वरून वादी, बाजूने घट्ट चामडं, त्यावर रेनकोट. ते बघूनच मला धडकी भरते.

आत्या : आणि मला तुझ्या उघड्या होल्स्टरची भरते. अस्वल एखाद्या दिवशी येईल, हंगामात कदाचित येणारही नाही. पण तू रोज पडणार आहेस. शेवाळलेल्या ओंडक्यावरून घसरशील, डेव्हिल्स क्लबच्या काट्यात बसकण मारशील, बोटीतून किनाऱ्यावर उडी टाकताना एका हातात दोर असेल. त्या प्रत्येक वेळी ते दीड किलो लोखंड जागेवर राहिलं पाहिजे. होल्स्टरचं पहिलं काम धरून ठेवणं. काढता येणं हे दुसरं काम.

भाचा : मी उलटं म्हणेन.

आत्या : म्हण. पण काढायला गेलास आणि रिव्हॉल्व्हर मागच्या ओढ्यात पडलेलं असलं, तर तुझ्या दीड सेकंदाचं काय?

इथे दोघंही बरोबर आहेत, म्हणूनच हा वाद सुटत नाही. पिस्तुलाच्या मानाने मोठ्या रिव्हॉल्व्हरचं वजन वर, सिलिंडरच्या आणि मुठीच्या बाजूला एकवटतं. होल्स्टर पट्ट्याच्या वर जितकं उंच बसवाल तितकं ते बाहेरच्या बाजूला कलंडायला बघतं, आणि जितकं खाली न्याल तितकं चालताना मांडीवर आपटतं. नुसत्या घर्षणाने एवढं वजन धरून ठेवायचं तर होल्स्टर इतकं घट्ट लागतं की काढताना पट्टा सगळाच वर ओढला जातो. म्हणून वादी किंवा बटणाची पट्टी येते, आणि ती आली की काढायला एक हालचाल वाढते.

भाचा : बरं, धरून ठेवणं पहिलं मानू. मग कायडेक्स काय वाईट? तापवून रिव्हॉल्व्हरवर दाबलेलं प्लास्टिक. पाणी पीत नाही, फुगत नाही, संध्याकाळी नळाखाली धरलं की झालं. तुमच्या चामड्याला इथे बुरशी येते. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुनोत त्याहून कमी, पण थांबत नाही. तूच सांगायचीस, मृगाची चाहूल लागली की कोल्हापुरात कातडी चपला गुंडाळून माळ्यावर जायच्या. आणि इथे तू बारा महिने चामडं भिजवतेस.

आत्या : चपलेचा तळ चिखलात बुडतो, म्हणून ती माळ्यावर जाते. होल्स्टर चिखलात चालत नाही. पण तू चामड्याचा विषय काढलासच तर नीट काढू. चामडं चामडं म्हणून सगळं एक नसतं. कोल्हापूरचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल घालून कमावतात. इथले जुने कमावणारे ओकची साल, मिमोसा, क्वेब्राचो घालतात. झाडं वेगळी, रीत तीच: झाडातलं टॅनिन कातडीत मुरवायचं. याला आठवडे जातात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती झटपट होते, चामडं मऊ, लवचिक निघतं, जगातलं बहुतेक चामडं आज तसंच कमावलेलं असतं. जाकिटाला, पर्सला उत्तम. होल्स्टरला मात्र नको.

भाचा : का नको? मऊ असलं तर बंदुकीला बरंच ना.

आत्या : मऊ आहे हाच त्याचा दोष. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं केलं की घडवता येतं. कारागीर ते भिजवतो, आत तुझ्याच मॉडेलचा साचा घालतो, बोटांनी आणि हाडाच्या गुळगुळीत अवजाराने सिलिंडरच्या, चापाच्या कड्याच्या खाचा दाबून उठवतो. वाळलं की त्याच आकारात ताठ होतं. मग ते रिव्हॉल्व्हरला त्याच्या उंचसखल आकारावर धरतं, नुसतं आवळून धरत नाही. क्रोमचं चामडं असा आकार धरत नाही, हळूहळू सैल पडतं. वर त्यात राहिलेले क्षार पोलादावर गंज आणतात. विकत घेताना कापलेली कड बघ. मधोमध निळसर, राखाडी छटा दिसली तर ते क्रोमचं. पुरी पिवळट, तपकिरी असली तर पुढे बोलू.

भाचा : पुढे म्हणजे जाडी.

आत्या : हो. इथे ती औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, आपल्या हिशेबाने सुमारे ०.४ मिलिमीटर. होल्स्टरला आठ ते दहा औंस, म्हणजे तीन-साडेतीन ते चार मिलिमीटर. तुझ्या रेडहॉकला मी साडेतीनच्या खाली जाणार नाही. पातळ चामडं दुकानात सुरेख दिसतं, हातात घेतलं की मखमली वाटतं. ओल्या हवेत एक हंगाम गेला की त्याचं तोंड मिटतं.

भाचा : तोंड मिटलं तर इतकं काय बिघडलं? काढताना तर उघडंच असतं.

आत्या : काढताना नाही रे, परत ठेवताना. मिटलेलं तोंड आत दुमडतं. वरून तू भरलेलं रिव्हॉल्व्हर दाबतोस. ती दुमड चापाच्या कड्यात शिरली की गोळी तुझ्याच मांडीतून जाते. म्हणून तोंडाला चामड्याची आणखी एक पट्टी शिवलेली हवी, रिकामं असतानाही उघडं राहील अशी. आणि परत ठेवताना घाई नाही. खाली बघायचं, बोट बाहेर, सावकाश. अस्वल गेल्यावर तुला कुणी पळवत नसतं.

या मुद्द्यावर मी जरा थांबते, कारण होल्स्टर निवडताना लोक रंग बघतात, नक्षी बघतात, फुलंपानं कोरलेली बघतात, आणि तोंड कुणी बघत नाही. चापाचं कडं पूर्ण झाकलं जातं की नाही, हेही बघत नाहीत. याला जुन्या परंपरेचाही थोडा हात आहे. १९२० च्या दशकात टॉम थ्रीपर्सन्स या कायदा-अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या नावाने एल पासोच्या मायर्स या कारागिरांनी जे आखूड, उंच बसणारं होल्स्टर बनवलं, त्यात चापाचं कडं उघडं असायचं. बोट आधीच आत जावं, रिव्हॉल्व्हर झटकन निघावं, हा हेतू. त्या काळच्या सिंगल अ‍ॅक्शन कोल्टला आधी हॅमर मागे ओढावा लागायचा, तेव्हा उघड्या चापाचा धोका तुलनेने कमी होता. आजच्या डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरला नुसता चाप दाबला की पुरतं. थ्रीपर्सन्सचा उंच, पुढे कललेला बांधा आजही उत्तम आहे. उघडं कडं मात्र घेऊ नये, ते कितीही अस्सल जुन्या धाटणीचं म्हणून विकलं तरी.

भाचा : बघ, म्हणजे परंपरा ही सबब होऊ शकत नाही. मग चामड्याच्या परंपरेला तरी तू का धरून बसतेस? तू कोल्हापूरच्या आजोबांच्या आठवणीने चामडं घेतेस असं मला वाटतं.

आत्या : आजोबांचा वास त्याला येतो, हे खरं आहे. पण मी ते कारण म्हणून सांगत नाही. कारण सांगते. एक, कायडेक्स कडक असतं. ओढ्यातली वाळू आणि रिव्हॉल्व्हर यांच्यामध्ये ते किसणीसारखं काम करतं. चामडं वाळू पोटात घेतं.

भाचा : स्टेनलेसवर चार ओरखडे आले तर मला फरक पडत नाही.

आत्या : ठीक. दोन, आवाज. झुडपात चालताना कायडेक्स खटखट करतं.

भाचा : आत्या, आम्ही ओढ्यातून जाताना मुद्दाम ‘हे बेअर, हे बेअर’ असं ओरडत जातो! अस्वलाला दचकवायचं नाही, आधी कळवायचं, हा तर इथला पहिला धडा. मला आवाज चालतो.

आत्या : हं. हा मुद्दा तुझा. तीन, दुरुस्ती. छावणीत कायडेक्सला तडा गेला तर ते फेकायचं. चामड्याची शिवण उसवली तर आरी, सुई आणि मेण लावलेला दोरा असला की अर्ध्या तासात मी ते शिवते. तेही हाताची शिवण असेल तर. एकाच दोऱ्याची दोन टोकं, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून आरपार. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा वेगळा. एक तुटला की रांग सैल पडायला लागते.

भाचा : सगळे कारागीर हाताने शिवतात का?

आत्या : नाही. चांगले कारागीर जड मशीनवरही घट्ट शिवतात. म्हणून शिवणीपेक्षा आधी शिवणीच्या आतली पट्टी बघ. दोन थरांच्या मध्ये, नळीच्या आणि चापाच्या कड्याच्या बाजूने, चामड्याची एक जादा पट्टी शिवलेली असते. तिच्यामुळे पोलाद दोऱ्याला घासत नाही. ती नसेल तर दीड किलो वजन रोज दोऱ्यावर घासणार. आणि पुढच्या नेमाच्या पात्याला आत वाट ठेवलेली हवी. रेडहॉकचं पातं उंच आहे. वाट नसली तर काढताना ते चामड्याची साल काढत येतं.

भाचा : पावसाचं उत्तर अजून दिलं नाहीस.

आत्या : देते. भिजतं, हे मान्य. भिजलं की रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचं, दोन्ही वेगवेगळे पुसायचे, होल्स्टर खोलीतल्या हवेत वाळवायचं. स्टोव्हजवळ ठेवलंस तर ते करपून ताठ, ठिसूळ होईल. तेलात बुडवायचं नाही. जास्त तेलाने चामडं मऊ पडतं आणि आकार जातो. थोडं मेण पुरे. आणि रिव्हॉल्व्हर रात्रभर त्यात कधीच ठेवायचं नाही. चामड्यातलं टॅनिन आणि ओल मिळून स्टेनलेसवरसुद्धा डाग पाडतात, पितळी काडतुसांवर हिरवा थर चढवतात. तळाला पाणी निघायला भोक आहे का बघ. पूर्ण बंद तळात पाणी आणि स्प्रूसच्या सुया साठतात. पूर्ण उघड्या तळातून बसताना नळीत चिखल जातो.

भाचा : एवढं सगळं रोज करायचं? दिवसभर पाण्यात चालून आल्यावर?

आत्या : ज्याला ते जमणार नाही त्याने चामडं घेऊ नये. हे मी मनापासून सांगते.

भाचा : मग माझं काम ऐक. मी चेस्ट वेडर घालतो, काखेपर्यंतचा रबरी पोशाख. ओढा मांडीपर्यंत असतो, एखाद्या डोहात कमरेपर्यंत. वेडरवर कमरेला पट्टा आवळावाच लागतो, पडलो तर आत पाणी भरू नये म्हणून. तुझं होल्स्टर त्या पट्ट्यावर बसलं की दिवसातून कितीतरी वेळा पूर्ण बुडणार. वर पाठपिशवी, तिचा कमरपट्टा नेमका होल्स्टरवर. होडीत बसलो की मूठ हातांच्या आणि बरगडीच्या मध्ये. छातीवरचं होल्स्टर या सगळ्याच्या वर राहतं. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यातल्या सैनिकांनाही ते म्हणूनच दिलं होतं. बसलेल्या माणसाची कंबर कामाची नसते.

आत्या : आणि माझं काम ऐक. मी दिवसभर वाकते. दगडावर हातोडी मारायला वाकते, भिंगातून बघायला वाकते, नमुना पिशवीत भरायला वाकते. छातीवरचं वजन वाकलं की पुढे लोंबतं, मान ओढतं. संध्याकाळी माझ्या पाठपिशवीत दगड असतात. खांदे आधीच भरलेले. त्यावर आणखी एक पट्टा, आणखी दीड किलो, हे माझ्या मानेला नको. माझी कंबरच रिकामी असते, म्हणून तिथे. पिशवीचा कमरपट्टा मी बांधत नाही.

भाचा : म्हणजे तू चामडं कमरेला लावतेस ते दगडांमुळे.

आत्या : आणि तू छातीवर लावणार ते माशांमुळे. मग मी तुला पट्ट्यावरचं घे कशाला म्हणू?

भाचा : आतापर्यंत तर म्हणत होतीस!

आत्या : मी चामडं घे म्हणत होते. कुठे लावायचं ते आत्ता तू सांगितलंस. छातीवरचंही चामड्याचं होतं. अलास्कातच बनवतात, रुंद खांदापट्टी आणि पाठीमागून एक पट्टा. पण एक अट आहे. वेडर नसेल, छावणीत, किनाऱ्यावर, जंगलातल्या वाटेवर असशील तेव्हा रिव्हॉल्व्हर कमरेला असावं. छातीवरचं माणूस जेवताना काढून ठेवतो. झोपडीबाहेर लघवीला जाताना तर नक्कीच. पट्ट्यावरचं पँटसोबत असतं.

आत्याच्या या शेवटच्या वाक्यातच, माझ्या मते, पट्ट्यावरच्या होल्स्टरची खरी बाजू आहे. घरी किंवा तंबूत राहिलेलं रिव्हॉल्व्हर हे जगातल्या सगळ्यात भारी होल्स्टरमध्ये असलं तरी नसल्यासारखंच. कंबर ही अंगावरची अशी जागा आहे जिथलं वजन माणूस दिवसभरात विसरू शकतो. मात्र त्यासाठी पट्टा तसा हवा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. होल्स्टरवर खर्च करतात आणि ते ऑफिसच्या पातळ पट्ट्याला अडकवतात. दीड किलोच्या रिव्हॉल्व्हरला दोन थर शिवलेला, चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा लागतो, आडवा धरला तर वाकणार नाही असा. होल्स्टरच्या मागच्या फटी त्या रुंदीला नेमक्या बसाव्यात. सैल फटीत होल्स्टर पुढे-मागे सरकतं आणि हात दर वेळी नवीन जागा शोधतो. चपट्या बांध्याची होल्स्टरं, ज्यांना दोन्ही बाजूंना पंखासारख्या फटी असतात, वजन पट्ट्याच्या जास्त लांबीवर पसरवतात. मोठ्या रिव्हॉल्व्हरला मला तीच सर्वांत शहाणी वाटतात.

भाचा : मग कमरेसाठी दुसरं घ्यायचं म्हटलं तर कुठल्या बाजूला? मला डाव्या बाजूला, मूठ पुढे करून लावायचं आहे. नळी साडेपाच इंची. उजव्या कमरेवरून काढताना कोपर काखेच्या वर जातो. डावीकडून आडवं काढलं की सहज निघतं, होडीत बसूनसुद्धा.

आत्या : आणि तुझ्या डाव्या बाजूला कोण उभं असतं? तुझा जोडीदार, मासे मोजणारा. आडवं काढताना नळी त्याच्या पोटावरून फिरत येते. एकट्याने हिंडणाऱ्याला ते चालेल. तुम्ही दोघं असता. उजवीकडे, पट्ट्यावर उंच, मूठ थोडी पुढे कललेली. कोपर वर जातो, खरं आहे. नळी चार इंची असती तर एवढा गेला नसता. पण तुला लांब नळी हवी होती.

भाचा : सिनेमातल्यासारखं खाली, मांडीला बांधलेलं तर?

आत्या : ते सिनेमातच ठेव. जुन्या पश्चिमेत माणसं मेक्सिकन पद्धतीचं होल्स्टर लावायची, मागच्या चामड्याच्या पंखाला कापलेल्या फटींतून ओवलेलं, पट्ट्यावर बऱ्यापैकी उंच. काडतुसांच्या पट्ट्यात खाच पाडून होल्स्टर मांडीपर्यंत लोंबवणं विसाव्या शतकातलं, पडद्यावर रुजलेलं. पन्नासच्या दशकात आर्व्हो ओहाला यांनी नटांसाठी होल्स्टरच्या आत धातूचा पत्रा घातला, झटक्यात काढता यावं म्हणून. कॅमेऱ्यासमोर ते सुरेख दिसतं. ओंडक्यावर चढताना गुडघ्यापाशी दीड किलोचा लंबक झुलतो.

भाचा : पटलं. आता शेवटचं. नवीन होल्स्टर आलं आणि रिव्हॉल्व्हर त्यात जातच नसलं तर?

आत्या : जाणार नाहीच, चांगलं असेल तर. आधी सिलिंडर उघडून सहाही भोकं रिकामी बघ. मग पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून हळूहळू पुरतं आत दाब, रात्रभर तसंच ठेव. रात्रभर न ठेवण्याचा नियम याच एका रात्री मोडायचा. मग रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सराव. वेडर घालून, पिशवी पाठीला लावून, हातमोजे घालून, होडीत बसून. नुसतं टी-शर्टवर, आरशासमोर केलेला सराव इथे कामाचा नाही. डाव्या हाताने स्प्रे, उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर, दोन्ही वेगवेगळे.

भाचा : आणि वरची वादी?

आत्या : हॅमरवर अडकवायची वादी साधी असते. तुटली तर चामड्याचा तुकडा कापून दुसरी लावता येते. पण ती ओली झाली की ताणते, आणि मोज्यातल्या बोटाला तिचा फास सापडत नाही. टिचबटणाची पट्टी मूठ पकडतानाच अंगठ्याने उघडते, वेगळी हालचाल लागत नाही. माझ्या कमरेवर वादी आहे, कारण मला तिची सवय झालीय आणि मी स्प्रेवर भिस्त ठेवते. तुला तुझे दीड सेकंद हवेत.

भाचा : मग टिचबटण. दोन्ही होल्स्टरांवर, एकाच उंचीवर, म्हणजे अंगठ्याला एकच सवय लागेल.

आत्या : चालेल. पण कारागिराला दोन गोष्टी लिहून कळव. बटणाची आतली धातूची बाजू चामड्याने झाकायची, नाहीतर पाच महिन्यांत हॅमरच्या मागच्या बाजूला घासून वळ उठतील. आणि पट्टीच्या आत कडक पत्रा किंवा जाड चामड्याचा आधार घालायचा. ती लुळी पडली तर अंगठा नुसता तिला दाबत बसतो आणि बटण उघडत नाही. मूठ कुठल्या मापाची आहे तेही सांग. रेडहॉकला रबरी मूठ वेगळी, लाकडी वेगळी. पट्टी मुठीच्या मापाने कापतात, आणि नंतर मूठ बदललीस तर ती लागणार नाही.